उसाच्या फडातली अमेरिका

हॉलतिकिटांचा गठ्ठा कॉलेजात येतो तेव्हा आवारातला कडुनिंब पानं टाकत असतो. शिपाई सकाळी झाडून काढतो, दुपारी पुन्हा तेवढाच कचरा. वर्ग रिकामे, फळ्यावर कुणीतरी काढलेलं बाण घुसलेलं हृदय तसंच, आणि वऱ्हांड्यात उन्हाची तिरीप आत सरकत येते. यंदाही गठ्ठा आला आणि मी तो नावावार लावत बसलो. हॉलतिकिटावरच्या फोटोत सगळीच पोरं नुकतीच पोलिसांनी धरून आणल्यासारखी का दिसतात, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. दोन-तीन दिवसांत बहुतेक जण येऊन आपापलं हॉलतिकीट घेऊन जातात. मग टेबलावर एक बारीक गड्डी उरते. ही मंडळी दिवाळी होताच ऊस तोडायला पश्चिमेकडे गेलेली असतात, आणि परीक्षेपर्यंत येतील की नाही हे त्यांनाही ठाऊक नसतं.

ती उरलेली गड्डी हातात आली की मला परीक्षेचा एकच हंगाम आठवतो. त्यात मी जे जे केलं ते बहुतेक चुकीचं होतं, तरी तो हंगाम माझा सगळ्यात लाडका आहे.

मी वडवणीकडच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला अमेरिकेचा इतिहास असतो आणि तो माझ्या वाट्याला आहे. पोरं मला मागून 'अमेरिका सर' म्हणतात. मागून म्हणजे त्यांना वाटतं मागून. मी अमेरिका पाहिलेली नाही. हौसेनं पासपोर्ट काढला होता, त्याची मुदत एकही शिक्का न उमटता संपली. पण तासाला उभा राहिलो की मी जणू कालच तिथून आलो आहे असा बोलतो. कारखान्यांची धुराडी, नव्यानं टाकलेले रूळ, दहा तासांच्या कामासाठी सह्या गोळा करणाऱ्या गिरणीतल्या मुली, दारूबंदीसाठी गुत्त्यासमोर बसलेल्या बायका, हे सगळं हातवारे करून सांगतो. खडू मोडतो. घाम येतो. माझी बायको म्हणते, "घरात बल्ब बदलायला इतका जीव लावला असता तर?"

त्या वर्षी, दसऱ्याच्या आधीचा तास. विषय होता पश्चिमेकडचं स्थलांतर. मी फळ्यावर अमेरिकेचा नकाशा काढला, जो माझ्याकडून नेहमी बसलेल्या म्हशीसारखा येतो, आणि उजवीकडून डावीकडे लांबलचक बाण ओढला. मग डोळे मिटून सुरू केलं, "कल्पना करा. एक कुटुंब आपलं अख्खं घर गाडीवर चढवतंय. भांडी, अंथरुणं, पिठाचा डबा, कोंबड्या, शेळी. सगळ्यात वर पोरं बसवलेली. म्हातारी माणसं दारात उभी. गाडी हलते. पुढे किती दिवस उघड्यावर राहायचं, काही माहीत नाही. तुम्हाला याची कल्पनासुद्धा करता येणार नाही!"

अख्खा वर्ग हसला. असा तसा नाही. मुली ओढणीत तोंड खुपसून, मुलं बाकावर डोकं टेकून.

मी डोळे उघडले. "कावून हसायलात?" मी मुद्दाम त्यांच्या बोलीत विचारलं. वातावरण हलकं करायची ही माझी जुनी युक्ती आहे आणि ती कधीच चालत नाही.

तिसऱ्या बाकावरची सत्यभामा उभी राहिली. लग्न झालेली, गळ्यात काळी पोत, कधी तास न बुडवणारी. "सर, कल्पना कशाला करायची? आमी दर दिवाळीला हेच करतोत. तुमी फक्त ट्रॅक्टर सांगायचा राहिला."

मी जन्मानं बीड शहरातला, कारकुनाचा मुलगा. ट्रॉलीवर चढवलेले संसार मी दरवर्षी एसटीच्या खिडकीतून पाहत आलो होतो. पाहिलं होतं ते वाहतुकीचा खोळंबा म्हणून. समोरच्या साठ डोळ्यांतले निम्मे त्या ट्रॉलीवर बसून मोठे झाले होते, आणि मी त्यांना डोळे मिटून कल्पना करायला सांगत होतो.

"पण फरक हाय सर," सत्यभामा पुढे म्हणाली. तिला माझी दया आली असावी. "ते लोक कायमचे गेलते. आमी गुढीपाडव्याच्या आगंमागं माघारी येतोत."

"आणि त्यांना तिथं जमीन मिळाली," मी घाईनं पकडलं. "जो जाईल, घर बांधेल, पाच वर्षं कसेल, त्याची जमीन. सरकारनं कायदाच केला होता."

मागच्या बाकावरून बिरूचा आवाज आला. बिरूच्या घरी मेंढरं. "मग आधी तिथं कुणीच न्हवतं का? मोकळं रान असं कुठं असतंय सर? आमच्या मेंढरांना तर आजून गावलं न्हाई."

तिथं आधी कोण राहत होतं आणि त्यांचं काय झालं, हे माझ्या टिपणात तीन पानांनंतर होतं. बिरूनं एका वाक्यात तीन पानं उलटली. मी म्हशीच्या पोटात एक प्रश्नचिन्ह काढलं आणि तास संपल्याचं जाहीर केलं. घंटेला पंधरा मिनिटं होती.

आज त्या तासाची लाज वाटते आणि गंमतही. तेव्हा फक्त कान गरम झाले होते.

तास झाल्यावर सत्यभामा दारात थांबली होती. म्हणाली, "सर, दिवाळी झाली की मी पण जाणार. पण परीक्षा द्यायचीच हाय. सासऱ्यांनी सांगितलंय, हे शेवटचं वरीस. औंदा बी.ए. झालं तर झालं, न्हाई तर पुस्तकं बंद." तिला तलाठ्याच्या परीक्षेला बसायचं होतं आणि त्याला पदवी लागते. पदवी मिळाली तर ट्रॉलीवर चढणं थांबण्याची एक वाट होती. दुसरी तिला दिसत नव्हती आणि मलाही नाही.

"तू इथंच थांबलीस तर? नवरा एकटा जाऊ दे," मी सुचवलं.

ती माझ्याकडे असं बघत राहिली की जणू मी गाडीला एक चाक लावून पाठवा म्हणालो. मग तिनं मला समजावलं. तोडणीला माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो तोडणार, ती पाचट काढून मोळी बांधणार, डोक्यावरून ट्रॉलीत चढवणार. एकटा आला तर तो अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला मुकादम टोळीत घ्यायला नाखूश असतो.

इतिहासाच्या माणसाला आकड्यांची सवय असते. दोन माणसांचा मिळून एक, हा हिशेब मात्र मी कुठल्या ग्रंथात वाचला नव्हता.

ती गेली. कृष्णाकाठच्या कुठल्याशा कारखान्यावर. जाण्याआधी मी मोठ्या जोशात वचन दिलं की तास फोनवर पाठवीन. रोज सकाळी अंगणात फेऱ्या मारत मी फोनवर बोलून ध्वनिफिती पाठवू लागलो. आठवड्यानं तिचा निरोप आला, "सर, लई चांगलं हाय. पण थोडं मोठ्यानं बोला. कोयत्याच्या आवाजात ऐकू येत न्हाई."

तेव्हा मला कळलं की ती फोन ओच्यात ठेवून, मोळ्या बांधता बांधता ऐकते. आणि ती एकटी ऐकत नव्हती. आजूबाजूच्या बायका, तिचा नवरा आश्रुबा, शेजारच्या सरीतली म्हातारी जोडी, सगळी टोळी ऐकत होती. माझे तास कॉलेजात ऐकले जात नाहीत तितके मन लावून तिथं ऐकले जात होते. फडात ऊस पडत होता आणि वरून मी अमेरिकेतले रूळ टाकत होतो.

एकदा घात झाला. कामाच्या तासांवरचा पाठ रंगात आला होता. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास आपले स्वतःचे, अशी तिथल्या कामगारांची मागणी होती, हे मी आवाज चढवून सांगत होतो. तेवढ्यात मागून बायको म्हणाली, "तुमच्या आठ तासांतला अर्धा तास काढून कोथिंबीर निवडा. आणि परत पिवळी काडी डब्यात दिसली तर बघा. काल पाहुण्यांसमोर माझी शोभा झाली." मी म्हणालो, "अगं, अमेरिकेत..." ती म्हणाली, "अमेरिकेत जाऊन निवडा मग!" हे सगळं फितीत गेलं. ऐकून न बघता पाठवायची माझी सवय.

दोन दिवसांनी आश्रुबाचा पहिल्यांदाच फोन. "सर, आश्रुबा बोलतोय, सत्यभामाचा माणूस. ते कोथिंबिरीचं परत पाठवा की. आमच्याकडून पुसून गेलं. सगळी टोळी मागायली."

"आणि आठ तासांचं? ते कसं वाटलं?" मी शिक्षकी चिकाटीनं विचारलं.

"ते बी ऐकलं. आमच्या इथला म्हातारा म्हणला, आठ तास म्हंजे नुसते सकाळचे का आख्ख्या दिवसाचे?" तो हसला. मग म्हणाला, "सर, त्या लोकांनी मागितलं, मग मिळालं का?"

"मिळालं. पण लगेच नाही. पुष्कळ वर्षं लागली."

"म्हंजे मागणारे वारले असतील."

"बरेचसे."

"बरं," तो म्हणाला. "कोथिंबिरीचं पाठवा तेवढं."

फेब्रुवारी सरला, वेळापत्रक लागलं. बाकीचे पेपर तिनं दिवाळीआधीच दिले होते, आता दोन उरले होते, आधी राज्यशास्त्र आणि एक दिवस सोडून अमेरिकेचा इतिहास. तिकडे कारखाना बंद व्हायला अजून महिनाभर अवकाश. सत्यभामाचा फोन आला तेव्हा आवाज अगदी बारीक होता. मुकादम सोडायला तयार नव्हता. चार दिवस ती गेली तर कोयता अर्धा होणार, ट्रॉली भरायला उशीर होणार आणि टोळीच्या नावावर खोळंब्याचा दंड लागणार.

मी म्हटलं, "मुकादमाचा नंबर दे. मी बघतो." सुधारणांचा इतिहास शिकवणाऱ्या माणसाला प्रत्यक्ष सुधारणेची संधी पुष्कळ वर्षांतून एकदा येते. मी फोन लावला आणि पाणी पिऊन सुरू केलं. श्रमाची प्रतिष्ठा. स्त्रीशिक्षण. गिरणीतल्या मुलींच्या सह्या. मुकादमानं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा "हां" म्हणाला. शेवटी म्हणाला, "सर, तुमचं बराबर हाय. शंभर टक्के. मीच वाईट दिसायलो आता मला. पण ट्रॉली भरायची कुणी? चार दिवस तुमी येता का तिच्या जागी?"

"येतो!" मी म्हणालो.

पलीकडे फोन ठेवला गेला. अलीकडे, माझ्या मागे, बायको खुर्चीत बसून हसत होती. तिला उठताच येईना. "अहो, तुम्हाला गव्हाचं पोतं सरकवता येत नाही," ती डोळे पुसत म्हणाली, "मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणार? तिथल्या दवाखान्याचा पत्ता तरी घेऊन ठेवा."

तरी मी रजेचा अर्ज लिहिला. खरंच लिहिला. कारणाच्या जागी काय लिहावं यात दुपार गेली. 'ऊसतोडणी' असं लिहिलं, खोडलं, 'कौटुंबिक' लिहिलं. तो अर्ज प्राचार्यांकडे जाण्याआधीच आश्रुबाचा फोन आला. "सर, तुमी येऊ नका. बायांनी मिटवलं."

टोळीत तेरा कोयते होते. सत्यभामाचा सोडून बारा. बाराही घरच्या बायांनी आपापसात ठरवलं होतं की रोज प्रत्येकीनं तिच्या वाटच्या थोड्या थोड्या मोळ्या जास्त बांधायच्या आणि आश्रुबाचा कोयता पूर्ण धरायचा. मुकादमाला त्यांनी एवढंच सांगितलं, की तुला ट्रॉली भरल्याशी मतलब. त्यांनी ना सभा घेतली, ना भाषण केलं. माझ्या फिती ऐकून त्यांनी हे केलं असं म्हणायला मला फार आवडलं असतं. मी आश्रुबाला आडून आडून विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "न्हाई सर, बाळंतपणाला करतात तसंच केलं. ते तर नेहमीचंच हाय."

पहिल्या पेपरच्या दिवशी ती रात्रभर एसटीत बसून थेट परीक्षेला आली. हातात पिशवी, चपलेला कृष्णाकाठची काळी माती, कपाळावर आणि हातांवर पाचटाचे बारीक ओरखडे. पर्यवेक्षक मीच होतो. उत्तरपत्रिका घेताना तिची बोटं मला दिसली. चार महिने मोळीचे बंध आवळून ती अर्धवट मिटलेलीच राहिली होती. पेन धरण्याआधी तिनं डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडली.

तिनं एक प्रश्न लिहिला, दुसरा लिहिला. मग दिवाळीपासून पहिल्यांदाच इतका वेळ सावलीत, एका जागी, पाठ टेकून बसल्याचा परिणाम झाला. तिचं डोकं हळूच बाकावर आलं. पेन हातातच.

मी जवळ गेलो. तिला हाक मारायला वाकलो आणि थांबलो. चेहरा इतका शांत होता. मला वाटलं, झोपू दे पाच मिनिटं. मी खिडकीचं एक दार लोटून तिच्या डोळ्यांवरचं ऊन अडवलं. तिच्या डोक्यावरचा पंखा कुणीतरी बंद केला होता, तो लावला. मागच्या बाकावरचा एक जण पान जोरात उलटत होता, त्याच्याकडे डोळे वटारले. खरं सांगतो, त्या वेळी मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. आठ तासांची विश्रांती जगात कुणी कुणाला देत नाही, निदान आपण पंखा तरी लावला, असं काहीतरी मनात चाललं होतं. पाच मिनिटांची दहा झाली, दहाची वीस, आणि मी आपला वर्गात चवड्यांवर चालत राहिलो.

पाऊण तासानं तिला जाग आली. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग वर फिरणाऱ्या पंख्याकडे, मग माझ्याकडे. मी हसलो. ती हसली नाही. खाली मान घालून जी लिहायला लागली ती शेवटची घंटा होईपर्यंत. एक प्रश्न कोराच राहिला.

बाहेर कडुनिंबाखाली तिनं मला गाठलं. "सर, उठवलं कावून न्हाई?"

"अगं, तू इतकी दमली होतीस. मला वाटलं..."

"मी झोपायला आलते व्हय इतक्या लांबून? झोप तर फडात बी लागती." तिचा आवाज कापत होता, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. "तिकडं बाराजणी माझ्या वाटच्या मोळ्या बांधायल्या, सर. आन् तुमी पंखा लावायलात. मला हाक मारायची होती."

मी चपलेनं कडुनिंबाची पानं बाजूला सारत राहिलो. मग ती जरा नरम होऊन म्हणाली, "परवाच्या पेपरला डोळा लागला तर पाठीत धपाटा घाला. तुमचाच विषय हाय."

मी घरी आलो आणि जेवलो नाही. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच टोमणा मारला नाही. ते जास्त लागलं.

शहरातल्या गरीब वस्त्यांत जाऊन राहणाऱ्या अमेरिकेतल्या शिकलेल्या बायांविषयी मी दरवर्षी शिकवतो. त्या सुरुवातीला चित्रं आणि फुलदाण्या घेऊन गेल्या होत्या आणि हळूहळू त्यांना उमगलं की शेजाऱ्यांना नळ हवा आहे, कचरा उचलायला हवा आहे, पोरांना कारखान्यातून सोडवायला हवं आहे. हे सांगताना मी त्या फुलदाण्यांवर एक विनोद करतो. पोरं हसतात. त्या वर्षीपासून तो विनोद करताना माझी जीभ अडखळते. आवडत्या माणसाला मायेनं झोपू देणं फार सोपं असतं. त्यात आपल्यालाच बरं वाटतं. उठवायला गेलं की ते माणूस चिडेल, आपला राग करेल, आणि तरीही उठवायचं, हे मला त्या दिवसापर्यंत जमलं नव्हतं. तिचा तो कोरा प्रश्न कुणा कारखानदारानं किंवा मुकादमानं कोरा ठेवला नव्हता. तो माझ्या मायेनं ठेवला होता.

निकाल सांगून टाकतो. राज्यशास्त्रात ती अगदी काठावर पास झाली. अजून चार गुण कमी पडते तर सगळंच बुडालं असतं, आणि मग मी आज हे हसत लिहू शकलो नसतो. पदवी मिळाली. तलाठ्याच्या परीक्षेला ती बसली, एकदा थोडक्यात हुकली आणि पुन्हा अभ्यास करते आहे. पण ट्रॉलीवर चढत नाही. गावातच, तोडणीला गेलेल्यांच्या मागे राहिलेल्या पोरांसाठी हंगामापुरतं वसतिगृह चालतं, तिथं शिकवते. आश्रुबानं दोन हंगाम अर्धा कोयता म्हणून काढले, आता तो गावातच ट्रॅक्टर चालवतो.

अमेरिकेच्या पेपराचं सांगायचं राहिलं.

आपल्या विषयाला आपण पर्यवेक्षक म्हणून बसू नये असा शिरस्ता आहे, पण त्या दिवशी दोघं आजारी पडले आणि मलाच बसावं लागलं. आदल्या दोन रात्री मला झोप नव्हती. वर्गात शिरताना मी मनाशी घोकत होतो की आज काही झालं तरी हाक मारायची, खुशाल धपाटा घालायचा. पहिला तास मी सत्यभामाच्या बाकाशेजारी पहाऱ्याला उभा राहिलो. ती वैतागून हळूच म्हणाली, "सर, जरा सरका. उजेड येऊ द्या." दुसऱ्या तासाला मी भिंतीला टेकलो. तिसऱ्या तासाला, फक्त गुडघ्यांना विसावा म्हणून, खुर्चीत बसलो. बाहेर ऊन मी म्हणत होतं. वर्गभर पेनांची खसखस चालू होती.

मग कुणीतरी माझ्या टेबलावर बोटानं टकटक केलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा जोरात.

मी दचकून मान उचलली. समोर सत्यभामा उभी होती. मागे अख्खा वर्ग लिहायचं सोडून तोंड दाबून हसत होता. तिच्या उत्तरपत्रिकेचं शेवटचं पान खालपर्यंत भरलेलं मला दिसलं. समासही सोडला नव्हता.

"सर, ओ सर, उठा," ती म्हणाली. "पुरवणी द्या. आजून लई लिहायचंय."